मुनियेचा पक्का रंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादा अनोळखी पक्षी दिसल्याचं कुणी सांगितलं, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. रंग कोणता होता? पोपट हिरवा, कावळा काळा, बगळा पांढरा, एवढ्यावर आपलं भागतं. पण ज्वारीच्या कणसावर झोके घेणारे, मूठभर दाणे फेकावेत तसे बांधावरच्या गवतात उतरणारे आणि पाऊल वाजताच भुर्रकन उठून पुढच्या बांधावर जाणारे जे बारके पक्षी आहेत, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला हमखास चकवतो. आज त्यांच्याविषयी, म्हणजे मुनियांविषयी बोलायचं आहे.

मराठीत मुनियेला मनोली असंही म्हणतात. चिमणी साधारण १५ सेंटीमीटर लांब असते, तर मुनिया १० ते ११ सेंटीमीटर. म्हणजे मुठीत मावेल आणि तरी मुठीत जागा उरेल एवढा जीव. चोच मात्र अंगाच्या मानानं दणकट असते. बुडाशी रुंद, टोकाला निमुळती. अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसा ती गवताचा दाणा फोडते, टरफल बाजूला टाकते आणि आतला गर तेवढा खाते. अशी चोच असणाऱ्या बारक्या पक्ष्यांना जगभरात सरसकट फिंच म्हणण्याची पद्धत आहे. शास्त्रज्ञ मुनियांचं कुळ वेगळं मानतात, पण पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलण्यात त्या फिंचच आहेत.

आपल्या महाराष्ट्रात शेताबांधावर, माळावर आणि पाणथळ गवतात चार मुनिया मुख्यतः भेटतात. पहिली लाल मुनिया. विणीच्या दिवसांत तिचा नर गुंजेसारखा लाल होतो आणि त्या लालावर पांढरे ठिपके पेरलेले असतात. दुसरी ठिपकेवाली मुनिया. डोकं आणि गळा काथ्याच्या रंगाचा, आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या खवल्यांची नक्षी. तिसरी तिरंगी मुनिया. तिचं डोकं काळं, पाठ विटकरी, पोट पांढरं आणि पोटाच्या मधोमध काळा डाग. चौथी रुपेरी चोचीची मुनिया. ती कोरड्या, काटेरी माळाची रहिवासी. वरून मातकट, खालून पांढुरकी, शेपटी काळी आणि टोकदार. सह्याद्रीच्या बाजूला गेलात तर पांढऱ्या कंबरेची काळसर तपकिरी मुनियाही दिसेल.

वर्णन ऐकताना सगळं सोपं वाटतं. पुस्तकातलं चित्र पाहतानाही सोपं वाटतं. अडचण येते ती शेतात. तीस-चाळीस मुनियांचा थवा समोर बसलेला असतो आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पक्ष्यांवर चित्रातलं काहीच नसतं. ना लाल, ना खवले, ना तीन रंग. नुसता मातीचा रंग. मग आपण त्यांना सोडून देतो आणि दुर्बीण त्या एका लालबुंद नराकडे वळवतो. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी नवरदेवालाच पाहावं, तसं हे होतं. पण मांडव नवरदेवानं भरत नाही, तो वऱ्हाडानं भरतो.

हे मातकट वऱ्हाड कोण असतं? त्यात माद्या असतात, त्या वर्षीची पिल्लं असतात आणि विणीचा हंगाम संपलेले नरही असतात. रंगाच्या या भानगडी कळायच्या तर आधी पीस म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं.

मी सोलापूरचा. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला रंगाच्या दोन जाती लहानपणीच ठाऊक होतात. कच्चा रंग आणि पक्का रंग. ओलं बोट कापडावर घासलं की कळतं. कच्चा रंग बोटाला लागतो, कारण तो सुतावर नुसता बसलेला असतो. पक्का रंग सुताच्या आत उतरलेला असतो. पक्ष्याचा रंग हा पक्का रंग आहे. पीस जेव्हा कातडीतून उगवत असतं तेव्हाच त्यात रंग भरला जातो. त्या वेळी त्याच्या मुळाशी रक्त खेळत असतं. पीस पूर्ण वाढलं की तो पुरवठा थांबतो आणि आपल्या नखासारखं, केसासारखं ते निर्जीव होतं. त्यानंतर पक्ष्यानं कितीही मनात आणलं, तरी त्या पिसाचा रंग त्याला बदलता येत नाही. रंग बदलायचा तर जुनं पीस गाळायचं आणि नवं उगवायचं, हा एकच मोठा मार्ग.

दुसरा एक छोटा मार्ग आहे, तो झिजण्याचा. आपल्या घरातल्या चिमण्याचंच पाहा. पिसं नवी असताना त्याच्या गळ्यावरच्या काळ्या पिसांची टोकं फिकट असतात, त्यामुळे काळा रंग झाकलेला राहतो. पुढे ती टोकं झिजतात आणि विणीच्या वेळेला खालचा काळा उघडा पडतो. नवं काहीच आलेलं नसतं, जुनंच उघडं पडलेलं असतं.

चोचीचं मात्र तसं नाही. चोचीवरचं आवरण वाढत राहतं, त्यामुळे पिसं न गाळताही चोचीचा रंग बदलू शकतो. लाल मुनियेची चोच म्हणजे तर दिनदर्शिकाच. मे महिन्यात ती लाल होऊ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत गडद होत जाते, एप्रिलमध्ये झपाट्यानं काळी पडते आणि मेमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता लाल मुनियेच्या नराचं वर्ष पाहू. पावसाळ्याच्या तोंडावर तो मातकट पिसं टाकतो आणि लाल होऊ लागतो. पाऊस पडतो, गवत वाढतं, गवताला बी धरतं. पिल्लांच्या चोचीत घालायला दाणा तयार होतो, तेव्हा हा नवरदेव सजलेला असतो. हंगाम सरला, की लाल उतरतो आणि तो जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो. मुनियांच्या कुळात सव्वाशेहून अधिक जाती आहेत, पण वर्षातून असा नेमानं पोशाख बदलणारी ही एकच मानली जाते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये थव्यात एकही लाल पक्षी दिसला नाही, तर लाल मुनिया निघून गेल्या असं समजू नये. त्या तिथेच आहेत, साध्या कपड्यात.

मग त्या साध्या कपड्यात त्यांना ओळखायचं कसं? पाठमोऱ्या बघायच्या. लाल मुनियेची मादी आणि साध्या वेशातला नर, दोघांचीही शेपटीच्या वरची कंबर लालच राहते. पंखांवर बारीक पांढरे ठिपके असतात, नराचे जरा ठळक. थवा उडाला की मातकट अंगावर हा लाल तुकडा क्षणभर चमकतो आणि खूण पटते. पिल्लाला मात्र हीसुद्धा खूण नसते. त्याची चोच काळसर, कंबर तपकिरी आणि पंखांवर दोन फिकट पट्टे असतात. ते कुणाच्या मागे चोच वासून फिरतंय, हे पाहिलं की त्याचं घराणं कळतं.

ठिपकेवाली आणि तिरंगी मुनियेत नर-मादी दिसायला सारखेच असतात. तिथे गोंधळ घालतात ती पिल्लं. दोघींचीही पिल्लं साधी तपकिरी, ना खवले, ना काळं डोकं. दोन थवे एकत्र चरत असतील तर जाणकारही नुसत्या पिल्लावरून नाव सांगायला कचरतो. तो थांबतो, शेजारचे मोठे पक्षी पाहतो, आणि पिल्लाच्या छातीवर एखादा खवला उमटू लागलाय का ते शोधतो. पिसं एका रात्रीत बदलत नाहीत. त्यामुळे मधल्या काळात अर्धवट खवल्यांचे, ठिगळ लावल्यासारखे दिसणारे पक्षी भेटतात. ही कुठली नवी जात नव्हे. वयात येणाऱ्या मुलाला कोवळी मिसरूड फुटावी, तशी ती अवस्था आहे.

हिवाळ्यात यात आणखी पाहुण्यांची भर पडते. उत्तरेकडून तुती नावाचा पक्षी येतो. त्याला गुलाबी चिमणी असंही म्हणतात. हा मात्र खऱ्या फिंचच्या कुळातला. त्याच्या प्रौढ नराचं डोकं आणि छाती गुलाबी-लाल असते, पण पहिल्या वर्षाचा तरुण नर हुबेहूब मादीसारखा, तपकिरी आणि रेघारेघांचा असतो. म्हणजे एखाद्या थव्यात दहा तपकिरी आणि एक गुलाबी दिसला, तर त्या दहांत सगळ्या माद्याच आहेत असं नाही.

हे रंग येतात कुठून, हाही मजेचा भाग आहे. काळा, तपकिरी, विटकरी हे रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याचे. ते पक्ष्याचं शरीर स्वतः बनवतं. आपल्या केसांचा आणि कातडीचा रंगही त्याचाच. पिवळे आणि लाल रंग बहुधा कॅरोटिनॉइड द्रव्यांचे असतात. ती शरीराला मुळातून बनवता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. दाण्यांतून मिळतो तो मुख्यतः पिवळा. त्याचा लाल करण्याची किमया काही पक्ष्यांच्या अंगात असते. ती कोणत्या जनुकामुळे साधते, हे २०१६ साली कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांवरच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणूनच पिंजऱ्यात ठेवलेली, एकाच तऱ्हेचा दाणा खाणारी लाल मुनिया पुष्कळदा काळवंडत जाते. रानातलं ऊन आणि रानातला चारा तुटला, की पुढची पिसं तशी लाल येत नाहीत.

कधी मेलॅनिनच कमी पडतं आणि एखाद्या पक्ष्यावर पांढरे ठिगळ दिसतात, किंवा सगळाच पक्षी पांढुरका असतो. गाववाले त्याला शकुन मानतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. पण ती नवी जात नसते आणि चमत्कारही नसतो. तिची चोच, तिची शेपटी, तिचा थवा पाहिला की ती कोण ते कळतं.

लाल मुनियेला उर्दू-हिंदुस्तानीत नुसतं ‘लाल’ म्हणतात. लाल म्हणजे माणिक, आणि लाल म्हणजे लाडकं लेकरूसुद्धा. एवढं सुंदर नाव ज्या पक्ष्याला मिळालं, त्याच्या नशिबी पिंजरा लिहिलेलाच. याचा पुरावा त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. १७५८ साली लिनियसनं या पक्ष्याला ‘अमान्दावा’ हे नाव दिलं, आणि इंग्रजीत त्याला ‘अव्हडव्हट’ म्हणतात. दोन्ही शब्द अहमदाबाद या गावाच्या नावाचे अपभ्रंश आहेत. कारण पिंजऱ्यात भरलेले हे पक्षी त्या काळी अहमदाबादेहून परदेशी जात. ज्या तळ्याकाठच्या गवतात तो जन्मला त्याचं नाव त्याला मिळालं नाही. ज्या बाजारात तो विकला गेला त्याचं मिळालं.

पांढऱ्या कंबरेच्या मुनियेची कथा आणखी वेगळी. तिच्यापासून जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदास करून बंगाली फिंच नावाचा पाळीव पक्षी तयार झाला. तो पांढरा असतो, बदामी असतो, चट्ट्यापट्ट्यांचा असतो. हे रंग माणसानं निवडून निवडून आणलेले. रानात तसे थवे नसतात. पुस्तक चाळताना हा फरकही ध्यानात ठेवावा लागतो.

आणि आता तिसऱ्या प्रकारचा रंग. हा पक्ष्याचा नव्हे, डब्यातला. आपल्या देशात मुनियांना हिरवा, पिवळा, गुलाबी रंग फासून विलायती पक्षी म्हणून विकण्याचा धंदा फार जुना आहे. एका आठवडी बाजारात मला असाच पिंजरा दिसला होता. आत वीसेक हिरवे पक्षी एकमेकांना खेटून बसलेले. एक बाप आपल्या मुलाला घेऊन तिथे उभा होता. विक्रेता मला म्हणाला, “चाचा, फॉरेनचा माल आहे. घरात ठेवा, बरकत येईल.” मी खाली वाकून पाहिलं. हिरवा रंग चोचीच्या बुडाला लागला होता, पायांना लागला होता. पाठीवर, पोटावर एकसारखा हिरवा, कुठे फिकट नाही की गडद नाही. तेवढ्यात एक पक्षी फडफडला आणि मिटलेल्या पंखांखाली झाकून राहिलेली त्याची कंबर दिसली. पांढरी. खाली काळी, टोकदार शेपटी. आमच्याच माळावरची रुपेरी चोचीची मुनिया होती ती. मी तसं म्हटल्यावर विक्रेत्यानं पिंजऱ्यावर फडकं टाकलं. त्या मुलानं बापाला विचारलं, “मग खरा रंग कुठला?” बापानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मातीचा.” मुलाचा चेहरा पडला. त्या पडलेल्या चेहऱ्यावरच हा सगळा धंदा उभा आहे.

रंग फासल्यानं काय होतं? पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची एक ग्रंथी असते. ते तेल तो चोचीनं पिसांना लावतो, पिसांचे धागे एकमेकांत नीट अडकवतो. त्यानं पिसं पाणी धरत नाहीत आणि अंगात ऊब राहते. रंगानं पिसं चिकटतात, हा सगळा बंदोबस्त मोडतो. पक्षी चोचीनं पिसं साफ करू पाहतो आणि तो रंग त्याच्या पोटात जातो. हा रंग कच्चाच. पक्षी जगलाच तर पुढच्या पिसांबरोबर गळून जाईल. पण तोवर तो जगला पाहिजे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडच्या रानमुनिया पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं आणि विकणं गुन्हा आहे. कुणी म्हणेल, आम्ही पाळायला नाही, सोडून द्यायला विकत घेतो. पुण्य म्हणून पक्षी सोडणारी माणसं सगळ्याच धर्मांत आहेत आणि त्यांचं मन मोठं असतं, यात शंका नाही. पण विक्रेत्याला पुण्य आणि हौस यांतला फरक कळत नाही, त्याला गिऱ्हाईक कळतं. आज वीस सोडले, की उद्या जाळ्यात चाळीस येतात. शिवाय जाळ्यात, पोत्यात, पिंजऱ्यात खचलेला पक्षी अनोळखी जागी सोडला तर किती काळ तगणार? विकत न घेणं आणि वनखात्याला कळवणं, हे त्यातलं खरं पुण्य. तेवढ्यासाठी तरी आपल्याला आपल्या मुनिया ओळखता आल्या पाहिजेत. रंगाखालचा पक्षी ओळखणारं गिऱ्हाईक फसत नाही.

एका बारक्या पक्ष्याबद्दल नीट चौकशी केली तर काय घडू शकतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. सालिम अली लहान असताना छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या टिपत. त्यातल्या एकीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मुसलमानाच्या घरातला मुलगा, हा पक्षी खावा की नाही असा त्याला प्रश्न पडला. त्यानं मामांना विचारलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथे कळलं, की ही पीतकंठी चिमणी. त्या दिवशी त्या मुलाला सोसायटीतली पेटाऱ्यांत जपलेली पक्ष्यांची कातडी पाहायला मिळाली आणि पुढे देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवलं. पिवळा डाग छोटाच होता. मुलगा त्यापाशी थांबला, हे महत्त्वाचं.

आमच्या सोलापूरनं या विषयाला आणखी एक माणूस दिला. मारुती चितमपल्ली. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि १८ जून २०२५ रोजी त्यांनी शेवटचा श्वासही इथेच घेतला. त्यांचा ‘पक्षीकोश’ उघडला, की कळतं, आपल्या लोकांनी या पक्ष्यांना किती जवळून पाहिलं होतं. कवी म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. ज्यांनी नावं ठेवली त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, पण सवड होती.

तेव्हा थोडी सवड काढा. श्रावणात किंवा भाद्रपदात गावाबाहेर पडा. जिथे गवताला बी धरलंय आणि बांध अजून कुणी जाळलेला नाही, अशा जागी उभे राहा. थवा उतरला की हलू नका. रंग शेवटी विचारायचा. आधी चोच पाहा, जाड की बारीक, काळी की रुपेरी की लाल. मग पाठ पाहा. पाठीवर ठळक रेघा असतील तर ती बहुधा मुनिया नव्हे, चिमणीची किंवा सुगरणीची मादी असेल. उडाली की कंबर पाहा. लाल, पांढरी की तपकिरी. शेपटी टोकदार आहे का पाहा. जागा कुठली, पाणथळ की कोरडा माळ, ते ध्यानात घ्या. मग महिना कोणता चाललाय ते आठवा. आणि एवढं झाल्यावर रंगाकडे या. तेव्हा तो तुम्हाला फसवणार नाही, उलट पुष्कळ काही सांगेल. हा पक्षी किती वयाचा, नर की मादी, विणीवर आहे की विसाव्याला, पोटाला नीट मिळतंय की नाही, हे सगळं त्या चार-दोन पिसांत लिहिलेलं असतं.

लाल नराला दाद जरूर द्या. तो त्यासाठीच सजलाय. पण त्याच्या आजूबाजूच्या मातकट पक्ष्यांवरूनही नजर फिरवा. पुढच्या वर्षीचा लाल त्यांच्यातूनच यायचा आहे.